फवारणीचे औषध

मराठी घरात ज्याला ढेकणांचे, झुरळांचे किंवा डासांचे औषध म्हणतात, त्यालाच चेन्नईच्या तमिळ घरात ‘पूच्चि मरुंदु’ म्हणतात. पूच्चि म्हणजे किडा आणि मरुंदु म्हणजे औषध. दोन्ही भाषांनी विषाला औषधाचेच नाव द्यावे, ही गंमत विचार करण्याजोगी आहे. हे नाव सोयीचे आहे आणि तितकेच फसवे. औषध म्हटले की भीती ओसरते. बाटली स्वयंपाकघरातील फडताळात जाते आणि थोडे जास्त पडले तर गुण अधिक येईल, असे वाटू लागते. परंतु याच नावात शहाणपणही दडलेले आहे. औषधाला निदान लागते, मात्रा लागते आणि पथ्य लागते. द्रवरूप कीटकनाशकालाही ही तीन बंधने तंतोतंत लागू पडतात.

प्रथम निदान. शत्रू कोण आणि तो राहतो कोठे, हे कळल्यावाचून केलेली फवारणी म्हणजे अंधारात मारलेला दगड होय. या बाबतीत चेन्नईचे उदाहरण बोलके आहे. समुद्रकाठचे हे शहर बारा महिने उबदार. तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर येतो. 2015 च्या डिसेंबरात या शहराने महापूर पाहिला आणि 2019 च्या उन्हाळ्यात तलाव आटून पडल्याचेही पाहिले. पूर आला की पाणी साचते आणि टंचाई आली की लोक पिंपे भरून पाणी साठवतात. डासांना दोन्ही सारखेच मानवते.

मात्र डास म्हणजे काही एकच प्राणी नव्हे. कूवम नदी किंवा बकिंगहॅम कालवा यांच्या तुंबलेल्या, घाण पाण्यात वाढतो तो क्यूलेक्स. तो रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. विहिरीत आणि गच्चीवरील टाकीत वाढतो तो ॲनॉफिलीस स्टिफेन्सी, शहरी हिवतापाचा वाहक. पाण्याचे पिंप, कुंडीखालची बशी, नारळाची करवंटी, टाकून दिलेला टायर अशा ठिकाणच्या स्वच्छ पाण्यात वाढतो तो एडिस. तो दिवसा चावतो आणि डेंगी व चिकुनगुन्या पसरवतो. तेव्हा अंगणातील पिंपात एडिस वाढत असताना बाहेरच्या गटारावर औषधाची बाटली रिती केली, तर पैसा जातो आणि डेंगी मात्र घरातच राहतो.

उबदार हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंपे रिकामी करून आतून घासणे हा उपाय कोणत्याही बाटलीहून श्रेष्ठ ठरतो. घासणे यासाठी की, एडिसची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून बसतात आणि कित्येक महिने कोरड्यातही टिकतात. टाकीला घट्ट झाकण आणि विहिरीला बारीक जाळी असावी. साठवणीच्या पाण्यातील अळ्या मारण्यासाठी टेमेफॉस हे औषध वापरतात खरे, परंतु पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमपलीकडे जाता कामा नये. ते काम महापालिकेच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवरच सोपवावे. भिंतीवर मारावयाचे औषध विहिरीत किंवा टाकीत एक थेंबही पडू देऊ नये.

आता घरातील फवारणी. आज घरगुती औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये असतात. शेवंतीच्या कुळातील एका फुलात सापडलेल्या विषाच्या धर्तीवर ती बनवलेली आहेत. त्यांचे कार्य दोन प्रकारे चालते. हवेत उडवलेले तुषार त्या क्षणी उडणाऱ्या डासाला पाडतात आणि थोड्याच वेळात निष्प्रभ होतात. रस्त्यावरील धुराच्या गाडीचेही तसेच. त्या धुराने पाण्यातील अळीला धक्का लागत नाही. दुसऱ्या प्रकारात औषधाचा पातळ थर पृष्ठभागावर वाळू देतात. त्या थरावर बसणारा किंवा त्यावरून चालणारा कीटक पुढे बरेच दिवस मरत राहतो. म्हणून फवारा कीटकांच्या विसाव्याच्या जागी हवा. एडिस डास पलंगाखाली, कपाटामागे आणि पडद्याच्या सावलीत बसतो, तर झुरळ मोरीच्या फटीत आणि ओट्याच्या सांध्यात दडते. पृष्ठभाग ओला व्हावा, पण ओघळ येऊ नये, एवढेच औषध पुरे. फवारल्यावर तीच जागा साबणाने धुवून काढली, तर सारा खटाटोप पाण्यात जातो.

मात्रेचा नियम याहून कडक आहे. समजा, वेष्टनावर लिटरभर पाण्यास पाच मिलिलिटर असे लिहिले असेल, तर पाच लिटरच्या पंपास पंचवीस मिलिलिटर लागतील. हे माप डोळ्यांनी अजमावू नये, बाटलीच्या टोपणाने घेऊ नये आणि स्वयंपाकाच्या चमच्याने तर नाहीच नाही. औषधासाठी वेगळे मापपात्र ठेवावे. दुप्पट मात्रेने डास दुप्पट मरत नाहीत, घरच्या माणसांच्या अंगात जाणारे विष मात्र वाढते. उलट, मात्रा कमी पडली किंवा एकच औषध सारखे वापरले, तर जे कीटक तगतात त्यांची प्रजा त्या औषधाला दाद देत नाही. हा अनुभव देशाने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या बळावर 1965 च्या सुमारास रुग्णांची नोंद वर्षाला लाखभरापर्यंत खाली आली, आणि 1976 साली ती पुन्हा चौसष्ट लाखांच्या घरात गेली. डासांची वाढलेली सहनशक्ती हे त्यामागील अनेक कारणांपैकी एक होते.

राहिले पथ्य. 1958 साली जहाजातून धान्याच्या मालाबरोबर आलेले पॅराथिऑन हे कीटकनाशक गळून गव्हाच्या पिठात मिसळले आणि केरळात शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. आज प्रत्येक बाटलीवर दिसणारा चौकटच्या आकाराचा शिक्का त्या कायद्याच्या नियमांनी घातला आहे. शिक्क्याचा खालचा त्रिकोण तांबडा असेल तर ते विष अतिजहाल, पिवळा असेल तर जहाल, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर सौम्य समजावे. तांबड्या किंवा पिवळ्या त्रिकोणाची, शेतीसाठी विकली जाणारी औषधे घरात आणूच नयेत. पूर्वी घरोघरी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद झाले आहे. जुन्या बाटल्या अडगळीत उरल्या असतील, तर त्या वापरू नयेत.

फवारणीपूर्वी अन्न, पाणी, भांडी आणि मुलांची खेळणी झाकावी किंवा बाहेर काढावी. माशांचे भांडे खोलीतून हलवावे, कारण पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत घातक असते. चूल विझवावी. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडावर आच्छादन असावे. काम संपल्यावर साबणाने स्नान करावे. अंगणात वाऱ्याकडे पाठ करून, मधमाश्या फिरत नसताना संध्याकाळी फवारावे. पावसाची चिन्हे असतील तर थांबावे, नाहीतर औषध गटारात वाहून जाते. कढीलिंब, शेवगा अशा खाण्याच्या झाडांवर घरगुती औषध मारू नये.

फवारलेली खोली काही काळ बंद ठेवल्यावर दारेखिडक्या उघडून वारा खेळू द्यावा आणि मगच आत जावे. 2024 साली चेन्नईच्या एका उपनगरात उंदरांसाठी घरात विष ठेवले असता, वातानुकूलित बंद खोलीत झोपलेल्या कुटुंबातील दोन लहान मुले दगावली. ते विष कीटकांचे नव्हते, तरी बंद खोलीचा धडा तोच आहे.

उरलेले औषध सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. तहानलेले मूल वेष्टन वाचत नाही. मूळ बाटली कुलपात ठेवावी आणि रिकामी झाल्यावर तीन वेळा विसळून, भोके पाडून टाकावी. विसळलेले पाणी पंपातच घालावे. अंगावर औषध सांडले तर कपडे उतरवून साबणाने धुवावे. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण रॉकेलमिश्रित द्रव फुप्फुसात शिरू शकतो. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वेष्टनासकट बाटली रुग्णालयात न्यावी. विषाचे नाव कळले की वैद्यांचा मोलाचा वेळ वाचतो.

वैद्याचे औषध घेताना माणूस शत्रू कोणता, मात्रा किती आणि पथ्य काय, हे सारे विचारतो. फवारणीच्या औषधाबाबत हे प्रश्न विचारण्याची सवय घरोघरी लागली, तर पुष्कळदा पंप उचलण्याची वेळच येणार नाही. पिंप उपडे करून घासले की काम भागेल.