पडद्याचे माप आणि खेळ घडविणारे कारागीर

माप पुरे भरले नाही, तर माल कितीही उत्तम असला तरी गिऱ्हाईक दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलास शाळेत जाण्यापूर्वीच कळते. १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शेर, पायली व मण मागे पडले. किलोग्रॅम व क्विंटल रूढ झाले. मापाचे नाव बदलले, परंतु नियम तोच राहिला : पोत्यावर जो आकडा घातला असेल, तेवढा माल पोत्यात असलाच पाहिजे. हाच नियम एका नव्या मालास लावून पाहावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे. तो माल म्हणजे मोबाइल व संगणक यांवरील खेळ.

धान्याच्या अडत्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु जोयडा तालुक्यासारख्या जंगलपट्टीतही दिवेलागणीनंतर घरोघरची मुले हेच खेळ खेळत असतात. आणि हे खेळ घडविणे हा आता आपल्याच भागातील एक उद्योग होऊन बसला आहे. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० साली निघालेला खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा, २०२४ साली आलेला ‘इंडस’ हा पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. कर्नाटक सरकारने या धंद्यासाठी २०१२ सालीच स्वतंत्र धोरण जाहीर केले होते. येथे आम्ही जुगाराविषयी बोलत नाही, हेही स्पष्ट करतो. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना संसदेने २०२५ च्या कायद्याने मज्जाव केला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. आमचा विषय हा दुसरा, निर्मळ प्रकार होय.

आकडा कशाचा?

मोबाइलच्या खोक्यावर ‘१२० हर्ट्झ’ असे छापलेले असते. याचा अर्थ, तो पडदा एका सेकंदात १२० वेळा चित्र नव्याने रंगवू शकतो. यास रिफ्रेश रेट म्हणतात. आकडा कसा वाढत गेला ते पाहू.

आपल्या गणेशगुडीस काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण आहे. त्याच्या जलाशयात जुने सुपा गाव गेले, आणि त्या पाण्यावर जी वीज निर्माण होते तिच्या प्रवाहाचे सेकंदास ५० फेरे होतात. साऱ्या देशातील विजेचा ठेका हाच. भारतातील जुन्या दूरदर्शन संचांची रचनाही याच ५० च्या हिशेबाने झाली होती : सेकंदास २५ चित्रे, प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. अमेरिकेत विजेचे फेरे ६०, म्हणून तेथे चित्रे ३०. बोलपट सेकंदास २४ चित्रांवर स्थिरावला. पुढे संगणक व मोबाइल यांच्या पडद्यांवर ६० हा आकडा दीर्घकाळ राहिला. २०१७ साली अ‍ॅपलने आयपॅड प्रोवर १२० चा पडदा दिला, आणि आता पंधरा हजार रुपयांच्या आतील कित्येक मोबाइलांवरही तो मिळतो.

माप कोठे कमी पडते?

पडदा १२० चा असला, तरी खेळाने तितकी चित्रे पुरविली नाहीत तर त्याचा उपयोग काय? मोठे बारदान आणून त्यात अर्धेच धान्य भरावे, तशी ही गोष्ट होय. यात पडदा करणाऱ्याची लबाडी नसते, आणि बहुधा खेळ करणाऱ्याचीही नसते. पुष्कळदा केवळ दुर्लक्ष असते. युनिटी या प्रसिद्ध साधनाने मोबाइलसाठी खेळ बांधला, आणि कारागिराने चित्रांचा वेग स्वतः ठरविला नाही, तर तो खेळ सेकंदास ३० चित्रांवरच चालतो. आयफोनवर ६० च्या पुढे जाण्यासाठी खेळाच्या माहितीपत्रकात तशी नोंद करावी लागते. ती नसली तर पडदा थांबून राहतो. एका ओळीच्या अभावी गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेले माप वाया जाते.

यात केवळ डोळ्यांचे सुख नाही. ६० च्या वेगात एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे १६.७ मिलिसेकंद जातात, १२० च्या वेगात ८.३. बोटाने केलेल्या इशाऱ्याचे उत्तर तितके लवकर दिसते. स्पर्धेच्या खेळात याने फरक पडतो. आणि खेळाने ही सोय थोड्या महाग मोबाइलांपुरतीच ठेवली, तर खेड्यातील मुलगा पडदा त्याच आकड्याचा असूनही मागे पडतो.

कारागिराची बाजू

एकाच बाजूचे ऐकून निवाडा करणे हे पंचाचे लक्षण नव्हे. १२० चित्रे देणे म्हणजे हमालाने तेच पोते निम्म्या वेळात वखारीत पोहोचविणे होय. साधा मोबाइल त्याने तापतो, बॅटरी लवकर उतरते. आणि पावसाळ्यात तारांवर झाड पडून दोन दिवस वीज नसलेल्या घरी बॅटरीची किंमत काय, हे जोयड्याच्या माणसास सांगावयास नको. यास्तव सक्ती नसावी, निवड असावी. डोंगर, झाडे, सावल्या यांचा थाट कमी करून वेग वाढविण्याची मुभा खेळणाऱ्यास द्यावी. तसेच वेग अडखळता नसावा. लंगडणाऱ्या १२० पेक्षा एकसारखे ६० केव्हाही बरे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. खेळातील काळ चित्रांच्या संख्येवर मोजला, तर चित्रे वाढताच सर्व हिशेब बिघडतो. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकाडो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. त्यात शत्रू जसजसे कमी होत, तसतसे यंत्राचे रंगविण्याचे काम हलके होई व उरलेले शत्रू जलद धावत. तेथे ही उणीव गमतीची ठरली. परंतु २०१४ साली संगणकावर आलेल्या ‘डार्क सोल्स २’ मध्ये ३० ऐवजी ६० चित्रे मिळू लागताच खेळाडूची हत्यारे दुप्पट वेगाने झिजू लागली. ती चूक पुढे २०१५ साली दुरुस्त झाली. धडा एवढाच की खेळाचे घड्याळ आणि पडद्याचे घड्याळ ही प्रारंभापासून निराळी ठेवावीत. घर बांधून झाल्यावर पाया बदलणे महाग पडते.

आपण काय करावे?

कारागिरास उत्तेजन देणे हे गिऱ्हाइकाचे काम आहे. शिव्यांनी माल सुधारत नाही. नेमक्या तक्रारीने सुधारतो. आमच्या सूचना येणेप्रमाणे :

१. प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाखाली करणाऱ्याचा पत्ता दिलेला असतो. मुलांनी तेथे सभ्य शब्दांत लिहावे : मोबाइल कोणता, पडदा कितीचा, खेळात वेगाची निवड दिसते की नाही, अडखळ कोठे होते. ‘खेळ भिकार आहे’ या वाक्याने कोणाचेही काम होत नाही.

२. ज्याने पुरे माप दिले, त्याची स्तुतीही तितक्याच तत्परतेने लिहावी, आणि त्याचा खेळ विकत घेण्याजोगा असेल तर विकत घ्यावा. फुकट मालाकडून पुऱ्या मापाची अपेक्षा धरणे व्यापाऱ्यास शोभत नाही.

३. आपल्यापैकी जे मोबाइल विकतात, त्यांनी गिऱ्हाइकास खरे ते सांगावे : खोक्यावरील आकडा पडद्याचा आहे, प्रत्येक खेळ तितका देईलच असे नाही. त्याला जो खेळ हवा, तो दुकानातच चालवून दाखवावा. वानगी दाखवून माल विकण्याची आपली रीत येथेही लागू आहे.

४. लहान कारखानदारापाशी बाजारातील सर्व मोबाइल नसतात. आपल्या मंडळाने सुटीत तरुण मुलांस एकत्र बसवून पुण्या-बंगळूरच्या नव्या खेळांची स्वस्त मोबाइलांवर पारख करवावी, व टिपण करून पाठवावी. जोयड्याच्या मुलाची ही टिपणे कारागिरास सोन्यासारखी वाटतील.

५. आपली जी मुले याच धंद्यात शिरत आहेत, त्यांनी पहिल्या दिवसापासून हा हिशेब ध्यानी धरावा.

खेळाची वेळ किती असावी, हे ठरविण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांचाच आहे व तो तसाच राहावा. परंतु जो वेळ मुलाने दिला, जो पैसा बापाने मोजला, त्याचा मोबदला पुरा मिळाला पाहिजे. धान्याच्या पेठेत शिगोशीग माप देणाऱ्या दुकानाचे नाव तीन पिढ्या चालते. आपल्या प्रांतातील या नव्या कारागिरांचेही नाव तसेच चालावे, अशी सदिच्छा व्यक्त करून लेखणी आवरती घेतो.