तारखेचा पैसा

रोजंदारीवरच्या घरात पैसा कमी असतो, हे सगळ्यांना दिसतं. तो केव्हा येईल याचा नेम नसतो, ही त्याहून मोठी अडचण सहसा नजरेतून सुटते. खुरपणी-कापणीचे दिवस सोडले की मजुरीला खाडे पडतात, चूल मात्र रोज पेटावी लागते. मग किराणा वहीवर येतो, आणि वहीवर घेणाऱ्याने भावाची घासाघीस करायची नसते. दुखणं आलं की शेतमालकाकडून उचल, आणि उचल घेतली की पुढच्या हंगामात तो म्हणेल त्या दराने काम. गरिबी अशी महाग पडते. तेव्हा खात्यात थेट पैसे टाकल्याने काय साधतं हे तपासायचं, तर ही वही आणि ही उचल सैल होते का, ते पाहावं लागतं.

मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने हे करून पाहिलं. इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत दर प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये मिळाले; पुढे त्याचे ३०० आणि १५० झाले. अट कसलीही नाही. एवढ्यात घर चालत नाही. तरी ताटात डाळ, भाजी, अंडी, मासे वाढले, मुलांची, त्यातही मुलींची वजनं सुधारली, कर्ज हलकं करणारी घरं इतर गावांपेक्षा जास्त निघाली. एका आदिवासी गावातही असाच प्रयोग झाला. तिथे माणसं मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात राबू लागली, जनावरं वाढली. पेरणीच्या तोंडावर बियाण्यापुरते पैसे गाठीला असले, की दुसऱ्याच्या बांधावर जायची घाई उरत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी हे गाव जरूर विचारात घ्यावं.

केनियात ‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था मोबाइलवर, एम-पेसातून पैसे पाठवते. तिथल्या एका अभ्यासात काही घरांना रक्कम महिन्या-महिन्याने दिली, काहींना एकदम. महिन्याचा पैसा प्रामुख्याने पोटाला लागला. एकरकमी पैशातून घरावर पत्रे चढले. गवताचं छप्पर पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, तरी गळतं. पत्रा घातला की तो खर्च थांबतो आणि पावसात घरभर भांडी मांडणंही. लांबून चैन दिसते, ती बचत निघते.

पैसा दारूत जाईल, ही भीती जुनी. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी जगभरातले १९ अभ्यास एकत्र चाळले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. भाव वाढतील ही शंका अधिक रास्त. केनियातल्या सियाया भागात ६५३ गावं अभ्यासली गेली, दहा हजारांवर घरांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर मिळाले. भाववाढ नाममात्र झाली, आणि पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचाही खर्च वाढला, कारण पैसा गावातल्याच दुकानात, गवंड्याकडे फिरला. एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: खात्यातल्या पैशाने गावच्या दवाखान्यात डॉक्टर येत नाही. मध्य प्रदेशातही रेशन बंद करून हे पैसे दिलेले नव्हते, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेवर वाद होतो तो १५०० रुपयांच्या रकमेवर आणि त्यामागच्या मतांवर. तारखेवर कमीच. पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेआधी, एकत्र ३००० म्हणून आले. सण गोड झाला असेल. पण दोन महिन्यांचे एकदम येणं आणि दर महिन्याला ठरल्या दिवशी येणं यात फरक आहे. हप्ता लांबला की मधले दिवस उधारीवर निघतात आणि आलेल्या पैशातला मोठा वाटा मागची बाकी भागवण्यात जातो. माल देताना दुकानदार विचारतो, ‘पैसे कधी?’ ‘हप्ता आला की’ एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. त्याला तारीख लागते.