फॉर्मल्डिहाइडचा त्रास: रक्त तपासायचे की हवा?

प्लायवूड किंवा एमडीएफचे नवे फर्निचर, रेझिनचा कारखाना, फॉर्मेलिन वापरणारी लॅब अशा ठिकाणच्या हवेत फॉर्मल्डिहाइड हा वायू असू शकतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, कोरडा खोकला येणे, दमा वाढणे ही त्याची नेहमीची लक्षणे. मग रुग्ण विचारतात, “डॉक्टर, रक्तात किती गेलंय ते कळेल का?”

रक्ततपासणी का उपयोगाची नाही?

फॉर्मल्डिहाइड आपल्या शरीरातही सतत थोडे तयार होत असते. श्वासातून आलेले काही मिनिटांतच विघटित होते. त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून बाहेरून किती आले हे सांगता येत नाही. तपासायची ती हवा.

हवा कशी तपासतात?

छोट्या पंपाने ठरावीक वेळ हवा एका नळीतून ओढतात. नळीत ‘डीएनपीएच’ नावाचे रसायन असते. फॉर्मल्डिहाइड त्याच्याशी संयोग पावते. प्रयोगशाळेत ते संयुग द्रावकाने धुऊन काढतात आणि एचपीएलसी यंत्रात सोडतात. यंत्रात वेगवेगळी अल्डिहाइड्स वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. ती अतिनील प्रकाश किती शोषतात, यावरून अगदी सूक्ष्म प्रमाणही मोजता येते.

रिपोर्टमध्ये काय पाहाल?

- एकक: मिलिग्रॅम प्रति घनमीटर आणि पीपीएम यांची गल्लत करू नका. 1 पीपीएम म्हणजे सुमारे 1.2 मिलिग्रॅम.
- वेळ आणि जागा: नमुना किती वेळ आणि कुठे घेतला? काम बंद असताना घेतलेला नमुना फसवा असतो.
- मर्यादा: घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 30 मिनिटांच्या सरासरीत 0.1 मिलिग्रॅम आहे. कामाच्या जागेचे निकष वेगळे असतात.

तुम्ही काय कराल?

खिडक्या उघड्या ठेवा. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नका. नाकाला सवय होते. कापडी किंवा साधा एन-95 मास्क हा वायू अडवत नाही. दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका. कामावर त्रास होतो आणि सुट्टीत बरे वाटते का, याची नोंद ठेवा. निदानाला तिची मोठी मदत होते.

फॉर्मल्डिहाइडमुळे कर्करोग होऊ शकतो, हे खरे आहे. मात्र तो धोका मुख्यतः दीर्घकाळ, जास्त प्रमाणातल्या संपर्काचा आहे. नव्या कपाटाच्या चार दिवसांच्या वासाने घाबरू नका.

ताबडतोब रुग्णालयात जा: धाप लागली, छातीत घरघर होऊ लागली किंवा कोणी चुकून फॉर्मेलिन प्यायले तर. प्यायलेल्याला उलटी करायला लावू नका.