फुलाच्या डब्यात दोन कप्पे!

चल, घणसोली गावातून फुलं बघायला निघू! स्टेशनावर लोकल पकडायची, ठाण्याला गाडी बदलायची आणि भायखळ्याला उतरायचं. पूर्वेला थोडं चाललं, की आलीच राणीची बाग! पाटीवर नाव मात्र भारदस्त आहे हं : वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बाग उघडली १८६२ साली. म्हणजे तुझे पणजोबासुद्धा तेव्हा नव्हते!

बहुतेक मुलं आत शिरली की धूम ठोकतात पेंग्विनकडे. ठोकू देत! फेब्रुवारीत इथे फुलांचं प्रदर्शनही भरतं. कुंड्याच कुंड्या! पण मला विचारशील, तर खरी गंमत कुंडीत नाही. ती आहे झाडाच्या खोडावर!

फुलं येतात कुठे, सांग बरं? फांदीच्या टोकाला? कैलासपती नावाच्या झाडाला हे कुणी शिकवलंच नाही! त्याच्या जाडजूड खोडातूनच दोरीसारख्या डहाळ्या लोंबतात, आणि त्यांवर गुलाबी, गुबगुबीत फुलं! असं कसं, म्हणतोस? अरे, फणस नाही का बुंध्याला लटकत? आणि तुझं चॉकलेट ज्या कोकोपासून होतं, त्याची फळंही खोडालाच लागतात!

आता फूल जवळून बघ. मधे छोटीशी पिंडी, भोवती केसरांचं कडं आणि वर चक्क नागाचा फणा! म्हणून तर नाव कैलासपती. आणि गंमत म्हणजे हा पाहुणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला!

आता कान दे इकडे. या फुलात मध नाही. थेंबभरसुद्धा नाही! मग भुंगा येतो कशाला? परागासाठी! पराग म्हणजे फुलातली बारीक पूड. ती दुसऱ्या फुलात पोचली, तरच फळ धरतं. पण भुंग्यानं सगळी खाऊनच टाकली तर?

म्हणून फुलानं तुझ्या डब्यासारखे दोन कप्पे केलेत! फण्यातली पूड खायची. तिच्यापासून बी धरतच नाही. कड्यातली पूड पोचवायची. भुंगा खाण्यात दंग, आणि कड्यातली पूड गुपचूप त्याच्या पाठीवर! आई तुझ्या एका हातात लाडू देते आणि दुसऱ्या हातात शेजारच्या काकूंची वाटी. अगदी तस्सं! फरक एवढाच, की भुंग्याला वाटीचा पत्ताच नसतो!

फूल घमघमतं. आणि फळ? तोफेच्या गोळ्याएवढं! ते फुटलं, की आतला पांढरा गर हवेनं निळसर पडतो. कापलेलं सफरचंद डब्यात तपकिरी पडतं ना, तसा. आणि वास... शीऽऽ! नाक धर आधी!

फूल तोडायचं नाही बरं का. झाडाखाली पडलेली असतात, त्यातलं एक उचल आणि फणा अलगद वर करून दोन्ही कप्पे शोध. फक्त बुधवारी जाऊ नकोस. बुधवारी राणीची बाग बंद असते!