हंगामापूर्वी गिअरबॉक्सचेही तेल पाहा

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टरचे इंजिन ऑईल आठवणीने बदलतो. गिअरबॉक्सकडे मात्र कुणी बघत नाही. ऐन तोडीत गिअर अडकला, की ऊस ट्रॉलीतच वाळतो; वजन घटते, साखर उताराही घटतो.

ट्रॅक्टर थोडा चालवून सपाट जागी उभा करावा, चाकांना दगड लावावेत. कोमट तेल गाळासकट निघते. आधी वरचे, भरायचे बूच निघते का पाहावे. खालून तेल सोडले आणि वरचे बूच निघेना, तर पंचाईत! बुचाच्या चुंबकावर बारीक भुकटी असली तर चिंता नको. दातांचे तुकडे दिसले तर मिस्त्रीला गाठा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले समजा.

नवे तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घाला. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याच तेलावर हायड्रॉलिक लिफ्टही चालते. ‘जीएल-४’ सांगितले असता भारी म्हणून ‘जीएल-५’ घालू नका. त्यातील गंधकयुक्त रसायने काही वेळा पितळी भाग खातात.

जुने तेल बांधावर, विहिरीकाठी ओतू नका. तारीख व तास वहीत टिपा, एवढेच आमचे सांगणे.