मीटरवरचा आकडा आणि गाडीची खरी चाल

आता आपल्याला अंक वाचता येतात. मापाड्याने चिठ्ठीवर लिहिलेले वजन आपण वाचतो. एस.टी.च्या तिकिटावरचे पैसे वाचतो. जुनी मोटारगाडी घ्यायची असेल, तर हे शिक्षण फार कामी येते. कारण तिथे सगळा सौदा एका आकड्यावर ठरतो.

हा आकडा गाडीत सुकाणूच्या पुढे, मीटरवर असतो. गाडी आजवर किती किलोमीटर चालली, ते तो सांगतो. बाजारात याला 'रनिंग' म्हणतात. कोणी 'मायलेज' म्हणतात. पण एका लिटरमध्ये गाडी किती चालते, त्यालाही लोक मायलेजच म्हणतात. म्हणून घोटाळा नको. "गाडीचं रनिंग किती झालं?" असेच विचारावे. मीटरवरचे अंक इंग्रजी वळणाचे असतात. ज्यांना फक्त मराठी अंक येतात, त्यांनी ते दहा अंक आधी शिकून घ्यावेत. मोबाईल फोनवर ते रोज समोर असतातच.

आपल्याकडे जुनी गाडी हौसेसाठी थोडेच घेतात? दूध केंद्रावर न्यायचे असते. भाजी मार्केट यार्डात पोचवायची असते. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते. त्यासाठी कांद्याचे, दुधाचे साठवलेले पैसे जातात, वर पतपेढीचे कर्ज होते. आणि खंबाटकीच्या घाटात ब्रेक लागला नाही, तर पैशांपेक्षा मोठी गोष्ट जाते.

जपानी गाड्यांचे नाव आपल्याकडे चांगले आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ती जपानच्या सुझुकी कंपनीच्या मदतीने झाली होती. पुढे २००० साली टोयोटाची क्वालिस आली, २००५ साली इनोव्हा आली. जपानमध्ये वापरलेली गाडी थेट भारतात आणणे मात्र सोपे नाही. तीन वर्षांहून जुनी गाडी चालत नाही, आणि जकात फार जबर आहे. म्हणून आपल्या तालुक्यात जिला 'जपानी गाडी' म्हणतात, ती बहुधा भारतातच बनलेली असते.

जपानी लोकांची एक रीत मात्र आपण पाहण्यासारखी आहे. तिथे नवी गाडी घेतली की तीन वर्षांनी सरकारी तपासणी होते. मग दर दोन वर्षांनी होते. तपासणीच्या कागदावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहितात. त्यामुळे वापरलेली जपानी गाडी आफ्रिकेत केनियाला गेली काय किंवा न्यूझीलंडला गेली काय, घेणारा माणूस जुना कागद मीटरशी ताडून पाहू शकतो. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षे अशी तपासणी नाही. धुराची तपासणी होते, तेवढीच. म्हणून जे काम तिथे सरकार करते, ते इथे घेणाऱ्याला स्वतः करावे लागते.

मीटर मागे फिरवता येते, हे आधी पक्के ध्यानात धरा. जुन्या गाड्यांत आकड्यांची चक्रे असत. ती हाताने फिरवत. मग आकडे एका ओळीत न बसता वरखाली दिसत, आणि चोरी कळत असे. आताच्या गाड्यांत आकडा विजेवर उमटतो. सुकाणूच्या खाली एक सॉकेट असते. त्याला यंत्र जोडून आकडा बदलतात. पाहून काहीच कळत नाही. बैलबाजारात शिंगे साळून, रंगवून आणतात ना, तसेच हे. आपण शिंगांना भुलत नाही, तोंड उघडून दात पाहतो. गाडीचेही दात पाहायचे असतात.

ते कुठे असतात? ब्रेक आणि क्लचच्या पायट्यांवर रबर असते. त्यावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या का, ते पाहावे. सुकाणूवर हात ठेवायच्या जागी चकाकी आली का, पाहावे. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट झाले का, ड्रायव्हरच्या बैठकीची दाराकडची कड दबली का, तेही पाहावे. मीटर पंचवीस हजार सांगते आणि पायटी गुळगुळीत झाली आहे, तर दोघांपैकी एक खोटे बोलते. पायटी खोटे बोलत नाही. उलट, जुन्या गाडीला पायटीची रबरे कोरी दिसली, तर ती का बदलली, हे विचारावे.

टायरही बोलतो. त्याच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. समजा २३२४ असे आहेत. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आता गाडी २०२१ सालची आहे आणि मीटर अठ्ठावीस हजार दाखवते. टायर साधारण चाळीस हजार तरी चालतो. मग चारही टायर तीन वर्षांत का बदलले? कारण खरेही असू शकेल. पण विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे सर्व्हिसिंगची बिले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली की त्या दिवशीची तारीख आणि किलोमीटर लिहून घेतात. ते त्यांच्या संगणकात राहते. विकणारा म्हणतो, "काका, सिंगल ओनर गाडी आहे. डॉक्टरांची. नारायण पेठेच्या बाहेर गेलीच नाही."

आपण म्हणावे, "फार चांगलं, दादा. सर्व्हिसिंगची बिलं दाखवता का?"

"बिलं काय, हरवली."

"मग चला की, सर्व्हिस सेंटरला नंबर सांगून विचारू. गाडीभाडं माझं."

दोन वर्षांपूर्वीच्या बिलावर सत्तर हजार आणि आज मीटरवर पंचेचाळीस हजार असतील, तर पुढे बोलायचे कारण नाही. आणि माणूस यायलाच तयार नसेल, तरी उत्तर मिळालेच.

पण नारायण पेठेच्या गाडीची गोष्ट इथे संपत नाही. ती गाडी खरोखरच कमी चाललेली असू शकते. हिशेब करून पाहा. पेठेतला माणूस रोज दहा किलोमीटर गाडी चालवतो. वर्षाचे ३,६५० झाले. सहा वर्षांचे २१,९००. हा आकडा खोटा म्हणता येणार नाही. दुसरी गाडी पुणे-मुंबई भाड्याने धावते. एका बाजूला साधारण दीडशे किलोमीटर. जाऊन-येऊन तीनशे. महिन्याला पंचवीस फेऱ्या धरल्या तर ७,५००. वर्षाला ९०,०००. म्हणून मीटर पाहण्याआधी गाडी काय काम करत होती, ते विचारावे. पिवळ्या पाटीवर भाड्याने चाललेली गाडी पुढे खासगी करून पांढरी पाटी लावतात. ती सहा वर्षांत चाळीस हजारच चालली असे कोणी सांगितले, तर हिशेब जुळत नाही.

आता या दोन गाड्यांत चांगली कोणती? लोक डोळे मिटून पेठेतली म्हणतात. मला ते पटत नाही. केळकर रस्त्याच्या गर्दीत गाडी दहा पावले चालते आणि थांबते. क्लच सारखा दाबावा लागतो. क्लचप्लेट झिजते. अर्ध्या कोसाच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ऑइलात ओल धरते. बॅटरी भरत नाही. आणि मालक म्हणतो, "गाडी चाललीच नाही, ऑइल कशाला बदलू?" तिथेच चूक होते. ऑइल किलोमीटरने खराब होते, तसे दिवसांनीही होते. आजच्या बहुतेक गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायचे असते. ब्रेकचे ऑइल तर साधारण दोन वर्षांनी बदलावे. ते ओल शोषते, आणि घाटात ब्रेक तापले की दगा देते. उलट मुंबईची फेरी करणारी गाडी लाखावर गेलेली असली, पण तिची प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर झालेली असली, तर तिचे इंजिन ठणठणीत असू शकते.

मीटर फिरवल्याने नुसते जास्त पैसे जातात, असे नाही. खरा घात पुढे होतो. पुष्कळ गाड्यांच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नावाचा दातेरी पट्टा असतो. तो ठरावीक किलोमीटरला बदलायचा असतो. किती, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेले असते. समजा एक लाखाला बदलायचा आहे. गाडी खरी एक लाख तीस हजार चालली आहे, पण मीटर साठ हजार दाखवते. घेणारा म्हणतो, अजून चाळीस हजार आहेत. तो पट्टा चालत्या गाडीत तुटला, की पुष्कळ इंजिनांत आतले भाग एकमेकांवर आपटतात. इंजिन बसते. खोट्या आकड्यावर पुढचे सगळे वेळापत्रकच चुकते, ते असे. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते, ती जास्त टिकते. आपल्या गाडीत काय आहे, ते विचारून घ्यावे.

गाडी पाहायला सकाळी जावे. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवावा. ते गार असले पाहिजे. आधीच तापवून ठेवलेली गाडी चटकन सुरू होते आणि दोष लपतो. सुरू केल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. पांढरा धूर थांबतच नसेल, तर आत पाणी जाते. ऑइलच्या टोपणाला आतून दुधाच्या सायीसारखा थर असेल, तर मिस्त्रीला दाखवावा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. मग गाडी चढावर न्यावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट गेली असे समजावे. बरोबर आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नेऊ नये.

पेठेतल्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट. नारायण पेठ मुठा नदीला लागून आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा या पेठेत पाणी शिरले होते. आजही खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो. नदीपात्रात लावलेल्या गाड्या बुडतात. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले, तिथेही गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा, टोकाला चिखलाचा डाग दिसतो का. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, सतरंजीखाली रेती आणि आत कुबट वास असेल, तर ती गाडी घेऊ नये. विजेच्या तारांत ओल गेली की वर्षभर काही ना काही बंद पडत राहते.

शेवटी कागद. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. मालकाचे नाव, गाडी बनल्याचा महिना आणि साल, इंजिन नंबर, चेसिस नंबर, सगळे त्यात असते. चेसिस नंबर गाडीच्या पत्र्यावर कोरलेला असतो. एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहावा. सातबाऱ्यावर बोजा असतो, तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. तो उतरल्याचे बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पुरते पैसे देऊ नयेत. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याची सही घ्यावी. जमिनीचा फेरफार होतो, तसे इथे नाव बदलते. एकाच राज्यातली गाडी असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. पुण्याचे आरटीओ कार्यालय संगम पुलाजवळ आहे. आपली जुनी गाडी विकतानाही हे विसरू नये. नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर कागदावर ज्याचे नाव आहे तोच जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर आणि ब्रेकचे ऑइल बदलून घ्यावे, आधीचा मालक काहीही सांगो. मग एक वही करावी. पहिल्या पानावर तारीख, मीटरचा आकडा आणि काय बदलले ते लिहावे. सगळी बिले त्याच वहीत लावून ठेवावीत.