मेरी वॉर्डचा खरा गुन्हा

१६३१ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत म्यूनिकच्या आंगेर मठातून लहानसहान पुडकी बाहेर जात होती आणि बाहेरून आत येत होती. पुडक्यातल्या वस्तू किरकोळ असत. खरे मोल होते ते वरच्या कोऱ्या दिसणाऱ्या कागदाला. तो विस्तवाच्या धगीवर धरला की लिंबाच्या रसाने लिहिलेली तपकिरी अक्षरे उमटत. लिहिणारी बाई होती मेरी वॉर्ड, वय ४६, मूळची यॉर्कशायरची. पाखंडी, फुटीर आणि धर्मसभेची बंडखोर असे तीन शिक्के मारून तिला या मठात डांबले होते. सोबतीला शुश्रूषेसाठी अ‍ॅन टर्नर ही एकच भगिनी. खोली अगदी लहान, खिडक्या जवळजवळ बुजवलेल्या, दाराला कडीकुलूप. पत्रांत मात्र ती या खोलीला आपला महाल म्हणते. माणसांना टोपणनावे देते, कोणाला गाठायचे, काय बोलायचे, काय बोलायचे नाही ते सांगते, मैत्रिणींना आनंदी राहा म्हणून बजावते आणि कागद जाळून टाकायची ताकीद देते. सगळे कागद जळाले नाहीत हे आपले भाग्य. पाखंडी म्हणून कैदेत असलेली ही बाई त्यांत धर्मनिष्ठेपासून तसूभर ढळलेली दिसत नाही, आणि मुलींना शिकवणाऱ्या भगिनींचे आपले संघटन मोडले आहे हेही मनाने मान्य करत नाही.

तिची कहाणी सांगताना सहसा एकच कारण दिले जाते. मुलींना शिकवण्यासाठी ती मठाच्या भिंतीबाहेर पडली, म्हणून रोमने तिला चिरडले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की दिसते ते असे: शाळा रोमला चालत होत्या, रस्त्यावर फिरणेही तडजोडीने चालले असते, चालणार नव्हता तो बायकांचा स्वतंत्र कारभार. मेरीच्या योजनेत सर्व घरांवर एकच प्रमुख मदर होती. तिच्या हातात भगिनी व्रते घेणार, ती त्यांना देशोदेशी पाठवणार, आणि ती बांधील असणार फक्त पोपना. बिशपना नाही, कुठल्या पुरुषसंघाच्या प्रमुखालाही नाही. येशूसंघाची (जेझुइटांची) ही घडी तिने १६११ पासून जशीच्या तशी मागितली आणि शेवटपर्यंत त्यातला काना-मात्रा सोडला नाही.

मधली वीस वर्षे भराभर ओलांडू. गनपावडर कटात मारले गेलेले राइट बंधू तिचे मामा. आजीने धर्मापायी चौदा वर्षे तुरुंग भोगलेला. सेंट ओमेरला पहिले घर निघाले, मग लिएज, कोलोन, ट्रियर. १६२१ च्या शरदात ती बहुतांश पायी निघून नाताळच्या आदल्या दिवशी रोमला पोचली. तिथे गरीब मुलींची मोफत शाळा सुरू झाली, ती १६२५ मध्ये बंद करवण्यात आली. नेपल्स, पेरूजा, म्यूनिक, व्हिएन्ना, प्रेसबर्ग अशी घरे निघत राहिली, आणि रोमकडे तक्रारीही पाठोपाठ गेल्या.

आता पहिला आक्षेप. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मभगिनींना बंदिस्त मठवास सक्तीचा केला होता; पोपनी कायद्याचे पालन केले, एवढेच. मग तोच कायदा इतरांना कसा लागू झाला ते पाहावे. पॅरिसच्या उर्सुलाइन भगिनींनी १६१२ साली बंदिस्त मठ पत्करला आणि भिंतीआड शाळा निर्वेध चालवल्या. व्हिन्सेंट द पॉलच्या दयाभगिनी १६३३ पासून, म्हणजे मेरीचा संघ मोडणाऱ्या पोपच्या आज्ञापत्रानंतर अवघ्या दोन वर्षांनी, पॅरिसच्या गल्ल्यांतून रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. त्यांना कोणी कोंडले नाही. कारण त्यांनी स्वतःला मठवासी म्हणवले नाही, आणि त्यांच्या डोक्यावर खुद्द व्हिन्सेंट होते. व्हिन्सेंटच्या चातुर्याला कमी लेखण्याचे कारण नाही. हजारो दुखणाइतांचे त्यात भले झाले. पण एक संघ भिंत मान्य करून टिकला, दुसरा पुरुष प्रमुख मान्य करून टिकला, आणि दोन्ही नाकारणारा तेवढा बुडाला, यातून निघायचा तो निष्कर्ष निघतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्लंडातले साधे धर्मगुरू आणि येशूसंघीय यांच्यात उभा दावा होता, आणि मेरीच्या भगिनी त्या भांडणात भरडल्या गेल्या, असे म्हणतात. या धर्मगुरूंच्या १६२१ च्या तक्रारअर्जात या बायका गावोगाव भटकतात, धर्मावर बोलतात, हा सूर आहेच. पण भांडण एवढेच असते तर येशूसंघाने त्यांची पाठराखण करायला हवी होती. झाले उलटे. संस्थापक इग्नेशियसनेच स्त्रियांची शाखा नको असे ठरवले होते, आणि प्रमुख मुझियो विटेलेस्की यांनीही आपल्या माणसांना अंतर राखायला लावले. दोन्ही बाजूंचे पुरुष एका मुद्द्यावर एकत्र आले.

तिसरा मुद्दा तिच्याच हातचा आहे, आणि मला सर्वांत बोलका वाटतो. घरे बंद करण्याचा निर्णय रोमने १६२८ सालीच घेतला होता. पण तो जाहीर न करता राजदूतांकरवी एकेक घर गुपचूप उठवले जात होते. पोपना हे ठाऊकच नाही, अशी मेरीची समजूत झाली. ६ एप्रिल १६३० च्या पत्रात तिने भगिनींना लिहिले की असे हुकूम आले तरी पाळायचे नाहीत. ते पत्र नेमके नको त्या हाती पडले. त्याच वर्षी तिने विनिफ्रेड विगमोर या जुन्या मैत्रिणीला लिएजला पाठवले. राजदूत काराफा यांनी विनिफ्रेडची जबानी घेतली, तेव्हा ही बाई प्रमुख मदरच्या अधिकारावर अशी ठाम उभी राहिली की तिच्या उत्तरांनी आगीत तेल ओतले गेले. तिलाही कैद झाली. मेरी इथे चुकली हे उघड आहे. पण चूक वस्तुस्थितीबद्दलची होती, श्रद्धेबद्दलची नव्हे, आणि ती घडायला रोमची गुप्तता कारण झाली. विनिफ्रेडचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. मला ती या प्रकरणातली सर्वांत निर्भय व्यक्ती वाटते, कारण आपण काय बोलतो आहोत आणि त्याची किंमत काय, हे तिला न कळण्यासारखे नव्हते.

संघ मोडणारे पोप अर्बन आठवे यांचे १३ जानेवारी १६३१ चे आज्ञापत्र भाषेने विलक्षण कठोर आहे. कैदेत मेरी मरणाच्या दारी पोचली, तेव्हा मरणापूर्वीच्या धर्मविधींसाठी आधी एका कागदावर सही करण्याची अट आली. आपण पाखंडी होतो असे त्यातून ध्वनित होते, म्हणून तिने सही नाकारली. पुढे त्याच अर्बननी तिला भेट देऊन ती पाखंडी नसल्याचे मान्य केले. पण संघ मेला तो मेलाच. १६४५ साली यॉर्कजवळ हेवर्थला ती वारली. ऑस्बाल्डविकच्या चर्चमधल्या तिच्या शिळेवर गरिबांवरचे प्रेम आहे, धर्मभगिनी असल्याचा उल्लेख नाही. इंग्लंडच्या कायद्यापुढे तो करणे शक्य नव्हते.

भगिनी मात्र पांगल्या नाहीत. म्यूनिक, ऑग्सबर्ग इथे त्या साध्या गृहस्थ बायांसारख्या एकत्र राहून शिकवत राहिल्या, आणि मेरीच्या आयुष्याची पन्नास चित्रे त्यांनी जपली. १८ व्या शतकात ऑग्सबर्गच्या बिशपशी पुन्हा तोच तंटा उपटला: प्रमुख मदर की बिशप? पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४९ साली दिलेला निवाडा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्यांनी बिशपांचा अधिकार राखून प्रमुख मदरचे पद मान्य केले. मात्र मेरी वॉर्डला संस्थापिका म्हणण्यास मनाई केली. तिची मागणी निम्मी पदरात पडली ती तिचे नाव पुसण्याच्या बोलीवर. तिचे नाव घेण्याची परवानगी १९०९ साली पायस दहावे यांनी दिली.

याच परंपरेत यॉर्कच्या बार कॉन्व्हेंटमध्ये घडलेल्या टेरेसा बॉल यांनी डब्लिनजवळ राथफार्नमला लोरेटो शाखा काढली. १८४१ च्या अखेरीस तिथल्या भगिनी कलकत्त्याला उतरल्या, आणि १९२९ च्या जानेवारीत त्याच शाखेतून आली ती पुढची मदर तेरेसा. तोपर्यंत लोरेटोच्या घरांतही बंदिस्तीचा नियम रुजला होता. म्हणून वस्तीत जाऊन राहण्यासाठी तेरेसांना १९४८ साली रोमची परवानगी काढावी लागली, आणि ती मिळाली कलकत्त्याच्या आर्चबिशपांच्या आज्ञेखाली राहण्याच्या अटीवर. १९५० साली निघालेला त्यांचा संघही सुरुवातीला कलकत्त्याच्या धर्मप्रांतापुरताच, आर्चबिशपांच्या अखत्यारीतला होता. तो थेट पोपच्या अधिकाराखाली गेला १९६५ च्या फेब्रुवारीत. मेरी वॉर्डने रोमच्या दारात हीच मागणी ठेवली, त्याला तेव्हा ३४३ वर्षे होऊन गेली होती.